रोज सकाळी आठला उघडा

मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव.
उत्तर: या मार्गावर उद्या एकोणीस गाड्या आहेत. खिडकीजवळची जागा हवी का?

*

प्रयोगशाळेच्या दारामागं चिकटवलेला कागद, कोपरे पिवळे पडलेले: एका बाटलीवरून अख्ख्या टाकीबद्दल बोलू नये. किमान पाच ठिकाणचे नमुने घ्यावेत.

*

राखाडी स्वेटर. डाव्या कोपराला निळ्या लोकरीचं रफू.

*

सुप्रभात. सगळ्यांनी एकदा उघडून बघा. (एकशे बेचाळीस जणांनी पाहिलं.)

*

गुडघे दुखतात? हा पट्टा वापरून बघा. प्रायोजित.

*

शंभरातले सत्त्याण्णव लोक ‘आणखी’ हे बटण कधीच दाबत नाहीत.

*

पुंडलिक बळीराम इंगोले दहा डिसेंबरला सकाळी अकोल्यातल्या घरातून बाहेर पडले ते परत आले नाहीत. वय अठ्ठ्याहत्तर. रेल्वेच्या डाक डब्यात त्यांनी एकतीस वर्षं सॉर्टर म्हणून काढली होती. भुसावळ ते नागपूर. समोर अठ्ठेचाळीस खणांची लाकडी मांडणी, हातात पत्रांचा गठ्ठा, डबा हलतोय, आणि स्टेशन यायच्या आत त्या स्टेशनची थैली बांधून तयार. गेली दोन वर्षं त्यांना मुलीचं नाव आठवायला वेळ लागायचा, कधी कधी ते यायचंच नाही. स्टेशनं मात्र ओळीनं यायची. अनोळखी माणूस दिसला की नमस्काराच्या जागी ते स्टेशनं म्हणायचे.

मुलगी प्रणिता. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला, पंचेचाळीस वर्षांची. त्या दिवशी ती कोथिंबीर आणायला गेली होती. वीस मिनिटं.

अकरा तारखेला दुपारी, ठाण्यात तक्रार देऊन आल्यावर, तिनं एक पान तयार केलं. फोटो, उंची, स्वेटर, स्वतःचा नंबर. ठाण्यातल्या हवालदारानंच सांगितलं होतं, मॅडम, पान टाका, आम्हीसुद्धा आधी उलगड्यातच बघतो.

*

उलगडा येऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. त्याआधी काही शोधलं की यादी यायची. दहा दुवे, खाली पुढचं पान, त्याच्या खाली त्याच्या पुढचं. माणूस दोन-चार उघडून बघायचा, त्यातलं एक खरं मानायचा. उलगड्यानं यादी काढून टाकली. विचारा, एकच उत्तर येईल. खाली फिकट अक्षरांत ‘आणखी’.

ते एक उत्तर कसं ठरतं हे कंपनीनं कधी लपवलं नव्हतं. कुणी वाचलं नव्हतं एवढंच. यंत्र जगातली पानं आधीच वाचून ठेवतं आणि पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते तशी एक अवाढव्य सूची करतं: कोणता शब्द कोणत्या पानावर. तुम्ही विचारता तेव्हा ते जग धुंडाळत नाही, ही सूची उघडतं. त्यात लाखभर पानं सापडतात. मग त्यांची रांग लावायची. पान किती ताजं आहे, त्याचा हवाला कोणी दिला, विचारणारा कुठं उभा आहे, याआधी त्यानं काय विचारलं, काय उघडलं, उघडल्यावर किती वेळ थांबला. अशा काही शे खुणा. एवढं सगळं करून यंत्राच्या हाती येतो तो एक अंदाज: या माणसाचं आत्ता कशानं समाधान होईल?

प्रणिताचं कशानं होईल हे ओळखायला यंत्राला वेळ लागला नाही.

*

“ताई, एक काम करू,” भूषण म्हणाला. भूषण तिचा धाकटा भाऊ, पुण्याला. “पानावर सगळी स्टेशनं टाकतो. बाबा कुठंही असले तरी तेच बोलणार. कोणी ते शब्द विचारले की आपलं पान लागलंच पाहिजे.”

“हे मात्र बरं सुचलं तुला.”

“आणि ग्रुपवर सांग. रोज एकदा सगळ्यांनी उघडायचं. जेवढे लोक उघडतील तेवढं पान वर येतं. साधं गणित आहे.”

“नक्की?”

“मी सॉफ्टवेअरमध्ये आहे ना.”

“तू पगाराच्या स्लिपांचं सॉफ्टवेअर करतोस.”

“सगळं एकच असतं गं आतून.”

बारा तारखेला सकाळी आठ वाजता ‘इंगोले परिवार’ या ग्रुपवर पहिला संदेश पडला. ग्रुपात तेव्हा एकशे बेचाळीस माणसं होती. आठवड्यात ती दोनशे अकरा झाली. सुना आल्या, सुनांच्या माहेरचे आले, सुरतेला गेलेला एक मावसभाऊ आला ज्याच्याशी नऊ वर्षं कोणी बोलत नव्हतं. आठ वाजले की सगळे पान उघडायचे, फोटो बघायचे, बंद करायचे, आणि ग्रुपवर हात जोडलेलं चित्र टाकायचे.

दर्यापूरची शांताआत्या, पुंडलिकरावांची धाकटी बहीण, तिनं तर आठचा गजर लावला होता.

“मी एका डावावर नाही थांबत,” ती फोनवर म्हणाली. “दिवसातून वीस डाव उघडतो. अन् दरवक्ती पयला भाऊच येते. कसा हासून राह्यला फोटोत.”

“माझ्याकडेही पहिलाच येतोय, आत्या.”

“मंग सापडतेच तो. एवढा पयला येऊन राह्यला म्हनजे काय गंमत हाये काय?”

*

सोळा डिसेंबरला जेवणाच्या सुट्टीत प्रणितानं पान उघडलं नाही. नुसतं विचारलं.

माझे बाबा कुठे आहेत?

उत्तर: पुंडलिक बळीराम इंगोले, वय ७८, अकोल्यातून बेपत्ता. माहितीसाठी संपर्क: प्रणिता इंगोले. फोन लावू का?

तिनं न वाचताच ‘हो’ दाबलं. थोडा वेळ काही झालं नाही. मग एक बाई गोड आवाजात म्हणाली, आपण संपर्क करत असलेली व्यक्ती दुसऱ्या कॉलवर आहे.

प्रणिता फोन कानाला लावून तशीच बसली. शेजारच्या टेबलावरचा शिपाई म्हणाला, “लागत नाही काय, मॅडम?”

*

सत्तावीस डिसेंबर. टॉवर चौकाजवळच्या एका गाळ्यात, पहिल्या मजल्यावर, नाझिया देशमुखचं ऑफिस. कोचिंग क्लास, मंगल कार्यालयं, दातांचे दवाखाने यांची नावं उलगड्यात वर आणून देणं हा तिचा धंदा. तिच्या घरच्या बोअरचं पाणी प्रणितानं तपासून दिलं होतं, तेवढी ओळख.

“रोज पहिलं येतं,” प्रणिता म्हणाली. “सतरा दिवस झाले. एकही फोन नाही. असं कसं?”

“कोणाच्या फोनवर पहिलं?”

“माझ्या. भावाच्या. आत्याच्या. सगळ्यांच्याच.”

“सगळे म्हणजे इंगोले.”

भिंतीला लागून एक लोखंडी घडवंची होती आणि तिच्यावर बारा जुने फोन ओळीनं उभे होते. प्रत्येकाच्या पाठीवर चिठ्ठी. परतवाडा, पुरुष, २३. गोंदिया, स्त्री, ५०. भुसावळ, पुरुष, ६०. नाझियानं समजावलं, प्रत्येक फोन त्या गावातल्या त्या वयाच्या माणसासारखा वागायला शिकवलेला आहे. गिऱ्हाइकाला स्वतःचा फोन दाखवून उपयोग नसतो. त्याच्या फोनवर त्याचंच दुकान पहिलं असतं.

तिनं बाराही फोनांना एकच विचारलं: एक म्हातारे गृहस्थ भेटलेत, नाव सांगत नाहीत, काय करू?

बारा उत्तरं आली. परतवाड्याच्या पोराला स्मरणशक्ती वाढवण्याच्या गोळ्या. भुसावळच्या गृहस्थांना गुडघ्याचा पट्टा. गोंदियाच्या बाईला नागपूरचा एक वृद्धाश्रम. एकाला चक्क लग्नाचं स्थळ, वय पासष्ट, विधुर. पुंडलिकराव कुठंच नाहीत. नाझियानं एकेका फोनवर ‘आणखी’ दाबलं, मग परत दाबलं, अंगठा दुखेपर्यंत दाबत राहिली.

प्रणिता बघत होती. एकोणीस वर्षं ती लोकांना सांगत आली होती, एका बाटलीवरून काही बोलू नका. सरपंचांना, इंजिनियरांना, रागावलेल्या गृहिणींना. सतरा दिवस तिनं एकच बाटली तपासली होती.

“ताई, पान नुसतं खाली नाही,” नाझिया म्हणाली. “दाबून ठेवलंय. मला सांगा, ही चाळीस स्टेशनं ओळीनं कोणी घातली?”

“माझ्या भावानं.”

“तो काय करतो?”

“पगाराच्या स्लिपा.”

“गावांची अशी माळ तिकिटं विकणारी भुरटी पानं लावतात. मीच लावायचे आधी, तेव्हा चालायचं. पण ते सोडा. तुमच्या पानाची आकडेवारी बघा. दोनशे माणसं, सगळी एकमेकांच्या फोनबुकात. रोज आठ ते आठ वाजून दहा. पान उघडतात आणि तीन सेकंदांत बंद करतात. तुम्ही यंत्र असता तर काय म्हणाला असता?”

“घरची माणसं आहेत, म्हणाले असते.”

“यंत्राला घर माहीत नाही. असं करणारे दोन प्रकार त्याला माहीत आहेत. एक, पैसे घेऊन उघडणारे. दोन, पान उघडून फसगत झालेले. तुमचे लोक दोन्हीत बसतात.”

“फसगत कसली?”

“ज्याला हवं ते मिळतं तो थांबतो. वाचतो. तुमच्या आत्याला काय वाचायचंय? भाऊ आहे तिचा.”

खालच्या रस्त्यावर कोणीतरी ट्रक मागं घेत होतं. प्रणितानं उठून खिडकी लावून घेतली.

“पण मग आम्हाला पहिलं का दाखवतं?”

“तुम्हाला आवडतं म्हणून.”

प्रणितानं विचारलं, त्यांना सांगायचं कसं. कोणाला? उलगड्याला, प्रणिता म्हणाली, की हे माझे वडील आहेत. नाझिया म्हणाली, फॉर्म आहे, भरू या. तो फॉर्मही यंत्रच वाचतं. दोघींनी तो भरला. मग नाझियानं नवं पान केलं, स्टेशनं गाळून, भाषा बदलून. एका तासात यंत्रानं फोटो ओळखला आणि जुन्या पानाचा डाग नव्याला लावला. दुसरा फोटो होता का? होता, प्रणिताच्या लग्नातला, फेटा बांधलेला. त्यावरून कोण ओळखणार.

“एकच उपाय,” नाझिया म्हणाली. “चाळीस दिवस तुमच्यातल्या कोणीही त्याला हात लावायचा नाही. आपोआप वर येईल.”

*

प्रणिता: कृपया आजपासून कोणीही पान उघडू नका.

मोठे काका: का? सापडले का दादा?

प्रणिता: नाही.

मोठे काका: मग?

भूषण: ताई, काहीतरी गैरसमज होतोय. माझ्याकडे अजून पहिलंच आहे.

जठारपेठेतल्या वहिनी: आज बंद करतो आम्ही. उद्या तुम्हीच म्हणाल, कोणी काही केलं नाही.

प्रणिता: उघडल्यानं ते खाली जातंय. दुसऱ्यांना दिसत नाही.

सुरतेचा मावसभाऊ: आम्हाला तर दिसतंय.

(हात जोडलेली चित्रं, सत्तावीस.)

शांताआत्यानं ग्रुपवर काही लिहिलं नाही. फोन केला.

“तू म्हनतं पाहू नोको.”

“चाळीसच दिवस, आत्या.”

“तुह्या घरी त्याचा फोटो हाये भितीवर. त्याची गादी हाये, चष्मा हाये. माह्याजवळ काय हाये व? आठ वाजले की दिसते तो. मले कोनी सांगलं की श्वास घेऊ नोको चाळीस दिवस, तं घेऊ नोको काय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता त्रेसष्ट जणांनी पान उघडलं. त्याच्या पुढच्या दिवशी अठ्ठावन्न. ज्यांनी थांबवलं होतं त्यांतल्या काहींना वाईट वाटू लागलं, आणि सोमवारपर्यंत आकडा परत शंभरावर गेला. कोणाकोणाला रागवायचं, हे प्रणिताला कळेना. रागवायला गेलं की समोरचं माणूस रडायचं.

*

सतरा जानेवारीला हवालदाराचा फोन आला. दुसऱ्या जिल्ह्यातून बेवारशांच्या कागदांची फाईल आलीय, डाकेनं. एक फोटो पाठवतो, बघून घ्या.

फोटोतल्या माणसाचे डोळे मिटलेले होते, दाढी वाढलेली होती. स्वेटर राखाडी होता.

*

निवारा केंद्र तुमसरच्या बाहेर, धानाच्या बांध्यांना लागून होतं. जाताना गाडीत भूषण सारखा बोलत होता, मधेच गप्प व्हायचा, परत सुरू करायचा. नागपूर सोडल्यावर त्यानं विचारलं, “पान शेवटपर्यंत वर होतं ना, ताई? माझ्याकडे तर रोज पहिलं होतं.”

“हो,” प्रणिता म्हणाली.

करुणा मेश्राम तिथली काळजीवाहू. पन्नाशीची, हातात ओल्या कपड्यांची बादली. ती त्यांना आत घेऊन गेली आणि आधी पाणी दिलं.

“बाबाजी लय शांत होते,” ती म्हणाली. “डिसेंबरच्या तेरा तारखेला स्टेशनवाल्यांनी आणून सोडलं. दुसऱ्या दिवसापासून गोळ्यांचे डबे लावून द्यायला लागले. इथं चव्वेचाळीस जण आहेत. सकाळच्या, दुपारच्या, रातच्या गोळ्या. मी एकदा नुसतं दाखवलं. एक चूक नाही केली. त्यांच्या हाताला ठाऊक होतं सगळं.”

भूषण उठून बाहेर व्हरांड्यात गेला.

“नाव सांगायचे?” प्रणितानं विचारलं.

“नाव विचारलं की गावं सांगायचे. मलकापूर, नांदुरा, शेगाव. मी म्हटलं त्यातलंच एखादं असेल. मोबाईलला विचारलं, तीच गावं बोलून. तो म्हणे तिकीट काढू का.” करुणा किंचित हसली, मग हसू आवरलं. “मग दुसरं विचारलं. घरच्यांचा शोध लागत नाही असे आजोबा, कोणी शोधतंय का. तर नागपूरचा वृद्धाश्रम आला. पहिला महिना मोफत म्हणे.”

“मग?”

“तीन-चार दिवस विचारून पाहिलं. तेच. मग समजले मी. होतात हो ताई अशी माणसं, ज्यांना कोणी शोधत नाही. इथं निम्मे तसेच आहेत.” ती बादलीच्या कडीशी चाळा करत होती. “तुम्हाला राग येईल. पण मी त्यांना म्हणायची, बाबाजी, लेकरांची वाट नका पाहू, आता तुम्ही इथलेच. त्यांना बरं वाटावं म्हणून.”

“ते काय म्हणायचे?”

“वर्धा म्हणायचे. कधी पुलगाव.”

तीन दिवसांच्या तापानं सहा जानेवारीला ते गेले. नियमाप्रमाणे तीन दिवस ठेवलं, मग नगरपालिकेनं उरकलं. करुणानं स्वेटर धुऊन, घडी घालून ठेवला होता. तो देताना तिनं विचारलं, “तुम्ही शोधत होता का त्यांना?”

प्रणितानं मानेनंच हो म्हटलं. दोनशे अकरा माणसं शोधत होती, हे तिला सांगता आलं नाही.

*

कायद्यानं आता प्रत्येक पानाच्या मालकाला आपलं पान कुठं, कोणाला, कितव्या क्रमांकावर होतं याचा हिशेब मागता येतो. विचारणाऱ्याचं नाव मिळत नाही; तालुका, वेळ आणि प्रश्न मिळतो. प्रणितानं तो मागितला. दोन आठवड्यांनी आला, एकसष्ट पानांचा. तिनं तो मधूनच उघडला.

१९ डिसेंबर, दुपारी ३.२०. तालुका तुमसर. प्रश्न: घरच्यांचा शोध लागत नाही असे आजोबा, कोणी शोधतंय का. या पानाचा क्रमांक २१४. दाखवले नाही.

तिनं फाईल मिटली. नाझियाला फोन करावासा वाटला, केला नाही. नाझियाला जे माहीत होतं ते तिनं आधीच सांगितलं होतं. भूषणला करावासा वाटला. काय सांगणार होती?

*

फेब्रुवारीत ती दर्यापूरला आत्याकडे एक दिवस राहिली. सकाळी आत्या तांदूळ निवडत होती. आठ वाजता उशीजवळचा फोन वाजला. आत्यानं सूप बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले, पान उघडलं आणि फोन लांब धरून पाहत राहिली. नेहमीसारखा लगेच बंद केला नाही.

“अजून पयलाच येते,” ती म्हणाली.

“येणारच.”

“एक सांग मले. तो तं गेला. पन आपन सगळ्यायनं रोज उघडलं, त्यानं काही तरी झालं असन न व? तिकडच्या कोनी तरी पाह्यलं असन त्याले? का नुसतं आपनच पाहून राह्यलो?”

फाईल प्रणिताच्या फोनमध्ये होती. पान काढून टाकायचं बटणही त्याच फोनमध्ये होतं. कंपनीकडून तशी आठवण दोनदा आली होती. आत्या तिच्या तोंडाकडे बघत होती.

“पुष्कळांनी पाहिलं, आत्या,” ती म्हणाली. “तुझ्यामुळं.”

“मंग ते बंद नोको करू.”

“नाही करत.”

आत्यानं सूप परत मांडीवर घेतलं. प्रणिता समोर बसली आणि तिच्याबरोबर खडे वेचू लागली.

*

फाईलच्या पहिल्या, प्रणितानं न उघडलेल्या पानावर होतं: अकरा डिसेंबरला संध्याकाळी सात वाजता, पान टाकून चार तास झाले होते आणि इंगोल्यांपैकी एकानंही ते अजून उघडलं नव्हतं, तेव्हा तुमसर तालुक्यात त्याचा क्रमांक पहिला होता.